पायाखालची पट्टी

खुर्ची घ्यायची ठरली तेव्हा मी फिटरला दहा-अकरा प्रश्न विचारले. अन्नपूर्णेनं तीनच विचारले. माझे सगळे करंटचे होते. तिचे बसणाऱ्या माणसाचे होते.

अन्नपूर्णा माझी बायको. तिला जाऊन तीन महिने होत आले.

आमचं घर अमडापूरला, बाजाराच्या रस्त्यावर. खाली दोन शटर, त्यात नारायणरावांचं बियाण्याचं दुकान, मागं त्यांचंच गोदाम. आम्ही वर. दुकानाच्या बाजूनं सरळ जिना चढतो. सतरा पायऱ्या, मध्ये वळण नाही. घर बांधलं तेव्हा अन्नपूर्णा म्हणाली होती, खाली एक खोली आपल्याला ठेवा, म्हातारपणी लागेल. मी म्हणालो, दुकान मोठं असलं की भाडेकरू टिकतो. तेव्हा मी वीज खात्यात लाइनमन होतो. रोज खांबावर चढणाऱ्या माणसाला सतरा पायऱ्यांचं काय वाटणार?

पुढं संधिवातानं तिचे गुडघे धरले, मग बोटं. शेवटी शेवटी ती जिना बसून उतरायची, एकेक पायरी, हात टेकत. वर यायचं तर मी मागून धरायचो. विहार आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, दोनशे पावलंसुद्धा नाही. तिथं त्रिशरण-पंचशील सांगायला तीस वर्षं तिचाच आवाज पुढं असायचा, बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. ती जायची बंद झाली तेव्हा बाया वर येऊन भेटून जात. ती हसून बोलायची. त्या गेल्या की भिंतीकडं तोंड करून पडायची.

आमचा मुलगा धम्मरत्न पुण्याला असतो. त्यानं मोबाइलवर दाखवलं की जिन्याच्या कडेनं रूळ टाकतात आणि त्यावरून खुर्ची वर-खाली जाते. त्यानंच कंपनीला कळवलं. मापं घ्यायला फिटर आला, गोविंदा. बीबी गावचा माणूस, पंचेचाळीशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं प्रत्येक पायरी मोजली, खडूनं खुणा केल्या, मग वर येऊन चटईवर बसला आणि चित्रांचं पुस्तक उघडलं.

"पयले सांगा, बसणार कोण?"

"हे बसतीन," अन्नपूर्णा म्हणाली. "चौतीस वर्सं खांबावर चढून थकले बिचारे."

गोविंदा हसला. मी माझे प्रश्न काढले. लाइट गेल्यावर किती फेऱ्या होतील? मोटर किती व्होल्टची? अर्थिंग कुठं? तो सगळं नीट सांगत गेला. खुर्ची बॅटरीवर चालते, लाइट नुसती बॅटरी भरते. चावी काढून ठेवली तर दुसरं कोणी चालवू शकत नाही. पट्टा कमरेला. मला माणूस पसंत पडला, कारण त्याला जे माहीत नव्हतं ते तो 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणत होता.

मग अन्नपूर्णेनं विचारलं, "वर पोचल्यावर माहं तोंड कोणीकडं राहीन?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. गोविंदानं सांगितलं की फिरणारी खुर्ची मिळते. वर पोचली की ती घराकडं वळते आणि माणूस सपाट जागेवर उतरतो. मी म्हणालो, फिरणारं काही नको, जितके सांधे जास्त तितका बिघाड जास्त.

"काका, नाही फिरली तं काकूचे पाय सतराव्या पायरीच्या तोंडावर लटकतीन. अन् खाली सगळं मोकळं."

"फिरणारीच घ्या," ती म्हणाली.

दुसरा प्रश्न बटणाचा. तिनं बोटं पुढं केली. "बटनावर बोट किती वेळ ठेवा लागते?"

"खुर्ची पोचेपर्यंत. सोडलं का थांबते. थेच तिचं चांगलं आहे."

तिच्या बोटांना ते जमण्यासारखं नव्हतं. मग ठरलं की मी रिमोट धरायचा. त्याचंही बटण तसंच, दाबून ठेवायचं. गोविंदा माझ्याकडं वळून म्हणाला, "पण काका, रिमोट धरणाऱ्यानं खुर्चीकडंच पाहा लागते. फोन नाही, गप्पा नाही."

"मले शिकवतं काय बे?" मी म्हणालो. "हाय टेन्शनवर काम केलं मी."

तिसरा प्रश्न तिनं साडीला हात लावून विचारला. "माहं पातळ अडकलं तं?"

त्याचं उत्तर गोविंदानं खुर्ची बसवल्यावर दिलं. पाय ठेवायच्या फळीला खालून आणि कडेनं रबरी पट्टी होती. त्यानं आपली चप्पल आठव्या पायरीवर ठेवली आणि खुर्ची रिकामीच खाली सोडली. फळी चपलेला टेकली आणि खुर्ची जागच्या जागी थांबली.

"पाह्यलं काकू? काही मध्ये आलं का पट्टी दबते अन् खुर्ची थांबते. थांबली म्हणजे बिघडली नाही. तिनं काहीतरी पाह्यलं, असं समजायचं."

अन्नपूर्णेला ते फार आवडलं. विहारातल्या बायांना ती सांगायची, माझ्या खुर्चीला डोळे आहेत.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्याकडं त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी सहाला विहारात ग्रंथवाचन असतं. अन्नपूर्णा खुर्चीवरून खाली यायची, काठी धरून दोनशे पावलं चालायची. साध्या साडीत खुर्ची एखाद-दुसऱ्या वेळीच थांबायची. पौर्णिमेला मात्र सगळ्या बाया पांढरी साडी नेसतात. तिची पांढरी साडी सुती, कडक खळ केलेली. निऱ्या फुलून फळीच्या बाहेर यायच्या, पायरीला घासून पट्टीखाली दबायच्या आणि खुर्ची थांबायची. साडी सारायची, खुर्ची चालू करायची, तीन पायऱ्यांवर पुन्हा थांबायची.

जिना रस्त्यावरून दिसतो. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहायची. नारायणराव मनानं वाईट नाहीत, पण थट्टेशिवाय त्यांना राहवत नाही. "काय वैनी, यष्टी बंद पडली वाटते. धक्का मारू काय?"

लोक हसायचे. अन्नपूर्णाही हसायची आणि डोळे खाली घालायची.

मी कंपनीला फोन केला. गोविंदा आला, खालचं झाकण उघडलं, पुसलं, तपासलं, कागदावर सही केली. म्हणाला, "थांबते थे बरोबर थांबते काका. पातळच मध्ये येऊन राह्यलं. काकू, बसल्यावर गुडघ्याखाली एक रुंद फडकं गुंडाळून बांधत जा. निऱ्या आत राहतीन."

अन्नपूर्णेचा चेहरा उतरला. "मेलेल्या माणसाले बांधतेत तसं?"

"तसं नाही काकू—"

"तसंच दिसते बाप्पा. पांढरं पातळ, अन् वरून बांधलेलं. भर बाजारातून. मी नाही बांधत."

गोविंदानं हत्यारं आवरली. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाला, "समजावून पाहा. दुसरा उपाय नाही."

त्यानंतर चार दिवसांनी श्रावण पौर्णिमा होती. खुर्ची सहा वेळा थांबली. अन्नपूर्णा विहारात पोचली तेव्हा पंचशील होऊन गेलं होतं. पुढं दुसऱ्या बाईचा आवाज होता. ती दारापाशी चपलांजवळ बसली. घरी आल्यावर तिनं साडी न बदलता जेवण केलं आणि म्हणाली, "आता पौर्णिमेले नाही जात मी. साध्या दिवशी जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना मी झाकण उघडलं.

पट्टीच्या दोन वायरी कोणत्या हे मला एका नजरेत कळलं. त्या तोडून एकमेकींना पिळल्या आणि वरून टेप गुंडाळली, नोकरीतली उरलेली काळी कापडी टेप. आमच्यात याला डायरेक्ट करणं म्हणतात. मग फळीखाली हात धरून पाहिलं. फळी हात रेटत पुढं आली, थांबली नाही. मी हात काढून घेतला आणि झाकण लावलं. दहा मिनिटांचं काम.

नोकरीत असताना मी याच गोष्टीवरून लोकांना शिव्या दिल्या आहेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून शेतकरी त्यात जाड तार घालायचे. मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो, "अबे, फ्यूज उडते म्हणून तुही मोटर जित्ती आहे बे. त्याचं कामच उडायचं आहे." एका गावात अशा तारेनं माणूस गेला, त्याला खाली उतरवायला मीच होतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी केलं. मला वाटलं, रिमोट माझ्या हातात आहे, डोळे माझे आहेत, पट्टी कशाला हवी?

त्या संध्याकाळी खुर्ची न थांबता खाली आली. अन्नपूर्णेनं माझ्याकडं पाहिलं. "आज थांबली नाही. काही काढलं तं नाही ना तुमी?"

"नाही वं," मी म्हणालो. "सेटिंग केली."

"मंग बरं," ती म्हणाली. लाइनमनची बायको होती. माझ्या हाताच्या कामावर तिनं कधी शंका घेतली नव्हती.

एक महिना चांगला गेला. ती रोज वेळेआधी विहारात जाऊन बसायची. नारायणराव म्हणाले, "वैनी, आता थट्टेलेही वेळ देत नाही तुमी," तर ती म्हणाली, "तुमची यष्टी झाली, माही आता एक्सप्रेस आहे." घरातून तिचा गुणगुणण्याचा आवाज येऊ लागला. मी हे लिहितो कारण तेही खरं आहे. तो महिना मला माझ्या चुकीनं दिला.

भाद्रपद पौर्णिमेला बाजाराचा दिवस होता. ती पांढरी साडी नेसून बसली, पट्टा लावला. मी खाली रस्त्याच्या तोंडाशी रिमोट घेऊन उभा राहिलो आणि बटण दाबलं. नारायणराव दुकानातून बाहेर आले. म्हणाले, "किसनराव, दुपारपासून दुकानातली लाइट फडफडून राह्यली. खांबावरूनच काही असंन काय?"

मी खांबाकडं पाहिलं. सवय. समोरच्या खांबावर तारा जोडणारा एक जंपर सैल दिसत होता. मी बोट दाखवून त्यांना सांगू लागलो. बाजाराचा कालवा होता, कांदेवाल्याचा भोंगा चालू होता. अंगठा बटणावर तसाच होता.

नारायणरावांचा चेहरा बदलला तेव्हा मी वळलो. तिची साडी फळीखालून रुळाच्या दात्यात गेली होती. खुर्ची ती ओढत होती आणि साडी तिला पुढं ओढत होती. ती 'अहो' म्हणत असावी, तोंड हलताना दिसलं. घाबरून तिनं पट्टा सोडला, साडी सोडवायला. माझा अंगठा निघायला जो एक क्षण लागला, त्यात ती पडली. नवव्या पायरीवरून खाली, माझ्या पायापर्यंत.

खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग छातीत कफ भरला. एकोणिसाव्या दिवशी पहाटे ती गेली. त्या एकोणीस दिवसांत धम्मरत्न माझ्या शेजारच्या बाकावर बसून होता. मी त्याला काही सांगितलं नाही. शुद्धीत असताना ती दोनदा म्हणाली, "मी काऊन पट्टा सोडला असंन?" तिलाही मी काही सांगितलं नाही.

तिच्या मागं करायचा जलदान विधी झाला. धम्मरत्ननं कंपनीला कळवलं होतं, तिथून एक इंजिनिअर आला. सोबत गोविंदा होता. इंजिनिअरनं झाकण उघडलं आणि लगेच म्हणाला, "सेफ्टी बायपास केलीय. हे कव्हर शेवटचं कोणी उघडलं?"

धम्मरत्ननं फाइलमधून सर्व्हिसचा कागद काढला. त्यावर गोविंदाची सही होती.

गोविंदा दोन पायऱ्या चढून आला आणि वाकून जोड पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "मी नाही केलं हे."

"मग कोणी?" इंजिनिअर म्हणाला. "तक्रार वारंवार थांबण्याची होती. तू आलास आणि नंतर थांबणं बंद झालं."

गोविंदानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी वरच्या पायरीवर बसलो होतो. मी नजर काढून घेतली. तो पायऱ्या उतरून खाली गेला. साहेबानं जोड कापून पिशवीत घातला आणि ते गेले. चार दिवसांनी कळलं, गोविंदाला कामावरून बंद केलं.

मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मला कोणी सरळ विचारलंच नव्हतं. खरं कारण असं की मला धम्मरत्नची भीती वाटत होती. तो आईवर गेला आहे. त्याचे डोळे तिचेच आहेत. त्या डोळ्यांनी त्यानं माझ्याकडं कसं पाहिलं असतं, ते मला सहन झालं नसतं. एक माणूस घरी बसला तर बसू दे, असं माझ्या मनात आलं. ते मी इथं लपवत नाही.

महिनाभरानं एका रविवारी धम्मरत्न तक्रारीचा कागद घेऊन आला. ग्राहक न्यायालयात एक आणि पोलिसांत एक. पोलिसांच्या कागदावर गोविंदाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मुक्काम बीबी.

"बाबा, इथं सही करा. आईसाठी एवढं तरी करू."

मी चष्मा शोधतो म्हणून उठलो. चष्मा खिशातच होता. तेवढ्यात नारायणराव वर आले. अन्नपूर्णा पडली त्या दिवसापासून ते आमच्याकडं कमी यायचे. दारातच उभे राहून म्हणाले, "किसनराव, एक इचारायचं होतं. आमच्या सत्यभामेचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणते, जिना बंद करा. अशी खुर्ची घ्यावं म्हणतो."

"घ्या," मी म्हणालो.

"त्या गोविंद्याच्या हातून काही चुकलं म्हणतेत, त्याच्या हातची नाही घेत. पण कोणती घेऊ? तुमाले यातलं समजते. थे थांबणारी पट्टी नसलेली भेटते काय? हिचं नऊवारी लुगडं आहे. दर पायरीले थांबीन तं कटकट होईन. तुमची मागून कशी चालली, महिनाभर एकदाही थांबली नाही. तशी पायजे."

धम्मरत्न पेन पुढं करून उभा होता. मी खाली बसलो.

"तशी घेऊ नोका," मी म्हणालो.

"काऊन?"

"थे थांबत नव्हती कारण मी तिची पट्टी डायरेक्ट केल्ती. गोविंदानं नाही. मी."

नारायणराव म्हणाले, "काय बोलून राह्यले तुमी?"

"खरं बोलून राह्यलो. पट्टी असलेलीच घ्या. फिरणारी घ्या. वैनीच्या गुडघ्याले फडकं बांधा, त्या नाही म्हणल्या तरी बांधा. अन् थांबली तं थांबू द्या."

नारायणराव भिंतीला टेकले. "मले वाटे, मी तुमाले बोलण्यात गुंतवलं म्हणून वैनी... दोन महिने मी लाइटच्या बोर्डाकडं पाहू नाही शकलो, किसनराव."

तेव्हा मला कळलं की माझ्या गप्प राहण्याखाली गोविंदा एकटाच दबलेला नव्हता. ते 'येतो' म्हणाले आणि भिंतीला हात लावत जिना उतरले.

धम्मरत्ननं कागदाची चौघडी केली. आवाज चढवला नाही. "कव्हर कधी उघडलं?"

"श्रावण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे महिनाभर आई तशीच बसत होती."

"हो."

"आणि दवाखान्यात एकोणीस दिवस मी तुमच्या शेजारी बसलो होतो."

"हो."

त्यानं मला ओळखत नसल्यासारखं पाहिलं. मग बॅग भरली. आईच्या फोटोपुढं वाकला, मला काही न बोलता जिना उतरला. जाताना त्या खुर्चीचा स्पर्श होऊ नये म्हणून तो अंग चोरून, भिंतीच्या कडेनं गेला.

दुसऱ्या दिवशी मी दोन बस बदलून बीबीला गेलो. गोविंदा अंगणात कुणाचं तरी मिक्सर उघडून बसला होता. बायको ओट्यावर तूर पाखडत होती.

"जयभीम काका. बसा."

"बसत नाही. पयले बोलतो. गोविंदा, थे मी केलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. पेचकस खाली ठेवला नाही.

"कवापासून?"

"त्याच दिवशी. काळी कापडी टेप आमच्यात कोण वापरते? अन् तो पीळ. तसा जोड खांबावरच मारतेत."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तुमच्याकडं पाह्यलं ना मी. मले वाटलं, आता बोलतीन. वर काकूचा फोटू, त्याले ताजा हार. त्या घरात मी कोणत्या तोंडानं म्हणू का घरधन्यानंच केलं? गाडीत बसलो तरी वाटलं, फोन करतीन. मंग आठ दिवस वाटलं. मंग वाटणं सोडून देल्लं."

बायकोनं सूप खाली ठेवलं. "अन् मी याईलेच इचारत राह्यली. रोज. खरं सांगा, घाईत राह्यलं काय तुमच्या हातून? एक बाई गेली हो. रोज इचारलं मी, काका."

"एक दिवस तं मलेच वाटलं," गोविंदा म्हणाला, "का मीच तं नाही केलं."

मी त्याच्यापुढं हात जोडले. तो म्हणाला, "हात नोका जोडू. लिहून द्या. इथंच, हिच्यासमोर."

बायकोनं मुलीच्या वहीचं पान फाडून आणलं. मी ओट्यावर बसून लिहिलं. 'खुर्चीच्या पायफळीच्या सुरक्षापट्टीच्या दोन वायरी मी, किसनराव, सेवानिवृत्त लाइनमन, राहणार अमडापूर, यानं स्वतः तोडून जोडल्या. फिटर गोविंदा यांनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. उलट बांधायचा उपाय सांगितला होता. तो आम्ही केला नाही. माझी पत्नी त्यामुळं पडली.' खाली सही आणि तारीख.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. एकदा वाचून झाल्यावर शेवटची ओळ मनात पुन्हा वाचली असावी, कारण ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग पान घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. मला पाणी दिलं. चहाचं कोणी बोललं नाही. मीही थांबलो नाही.

तो कागद पाहून कंपनीनं गोविंदाला परत घेतलं. नारायणरावांनी त्याच्याच हातून खुर्ची बसवून घेतली. सत्यभामाबाईंनी आपल्याच जुन्या लुगड्याची रुंद पट्टी शिवली आहे. बसताना स्वतःच म्हणतात, बांधा मले घट्ट. हे मला नारायणरावांनी सांगितलं. मी पाहायला गेलो नाही. माझी खुर्ची जिन्याच्या तळाशी चावी काढून उभी आहे. मी पायानं चढतो.

धम्मरत्नचा फोन काल दुपारी आला. कसे आहात वगैरे काही नाही.

"बाबा, एकच विचारायचंय. आईला माहीत होतं का?"

"नाही."

"तिला काही वाटलं नाही? तिनं विचारलं नाही?"

इथं नाही म्हणता आलं असतं. तिला कळलंच नाही, तिनं विचारलंच नाही, एवढं म्हटलं असतं तर त्याला थोडं हलकं झालं असतं आणि मलाही.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "त्याच संध्याकाळी. काही काढलं तर नाही ना, असं म्हणाली."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सेटिंग केली म्हणून सांगितलं."

तिकडं रस्ता असावा, गाड्यांचे आवाज येत होते. मी काही जोडलं नाही.

"ती काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"मंग बरं, म्हणाली."

त्यानं फोन ठेवला.